मशीन कधी बनलंच नाही, पण तिने लिहिलेला लॅब रिपोर्ट आजही वाचला जातो

बीएस्सीला गणित घेतलेल्या पोरांची सेमिस्टरच्या शेवटी एकच धावपळ असते. जर्नल पूर्ण करायचं. कॉम्प्युटर लॅबमध्ये प्रोग्राम रन झालेला असतो, उत्तर आलेलं असतं, मग तेच सगळं परत कागदावर लिहायचं कशाला, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. मग कुणाचं तरी जर्नल मिळवायचं, रात्रभर बसून छापायचं, आउटपुटचा स्क्रीनशॉट चिकटवायचा आणि सरांची सही घ्यायची. व्हायव्हाला एक्स्टर्नलने विचारलं की ही चौथी ओळ कशासाठी लिहिली आहे, तर बोलती बंद.

आता याच्या बरोबर उलट प्रकार ऐका.

१८४३ साली लंडनमध्ये एका २७ वर्षांच्या बाईने कॉम्प्युटरवर गणित कसं सोडवायचं याचं सविस्तर लिखाण छापलं. प्रश्न काय आहे, सूत्र कुठलं, कुठल्या पायरीला कुठली क्रिया, कुठला आकडा कुठे ठेवायचा, शेवटी उत्तर काय, सगळं. फक्त एक गोष्ट तिच्याकडे नव्हती. कॉम्प्युटर. तो तेव्हा जगात कुठेच नव्हता आणि ती जिवंत असेपर्यंत बनलाही नाही.

तिचं नाव अ‍ॅडा लव्हलेस. तिच्या त्या लिखाणाला तेव्हा कुणी लॅब रिपोर्ट म्हटलं नाही. पण आज गणिताच्या कोर्समध्ये लॅब रिपोर्टकडून जे जे मागितलं जातं, ते जवळपास सगळं त्यात सापडतं. एक चूकसुद्धा सापडते आणि ती चूकही खूप काही शिकवते.

वडील कवी, म्हणून मुलीला गणित

अ‍ॅडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ चा, लंडनमधला. वडील लॉर्ड बायरन, म्हणजे त्या काळातला इंग्लंडचा सगळ्यात गाजलेला कवी. जितका कवितांसाठी गाजलेला, तितकाच लफड्यांसाठी आणि कर्जासाठी. आई अ‍ॅनाबेला, श्रीमंत घरातली, शिस्तीची आणि गणिताची आवड असलेली.

हा संसार वर्षभरच टिकला. अ‍ॅडा जेमतेम महिन्याची असताना आई तिला घेऊन माहेरी निघून गेली. काही महिन्यांनी बायरनने इंग्लंड सोडलं आणि तो परत कधी आलाच नाही. १८२४ साली तो ग्रीसमध्ये वारला तेव्हा अ‍ॅडा ८ वर्षांची होती. वडील कसे बोलतात, हे तिला कधी कळलंच नाही.

आईच्या मनात एकच भीती होती. बापाचा लहरी स्वभाव पोरीत उतरला तर? त्यावर तिने उपाय शोधला गणिताचा. घरी शिक्षक लावले, वेळापत्रक आखलं, अभ्यासाची शिस्त लावली. कवितेपासून पोरगी जितकी लांब राहील तितकं बरं, असा सगळा हिशोब.

पण पोरगी कल्पना लढवायची ती लढवायचीच. १२ वर्षांची असताना तिने उडायचं यंत्र बनवायचं ठरवलं. नुसतं स्वप्न बघत बसली नाही. पक्ष्यांच्या शरीराचा अभ्यास केला, पंख आणि शरीर यांचं प्रमाण काय असावं याचा विचार केला, पंख कशाचे बनवता येतील ते तपासलं आणि सगळं लिहून काढलं. पुढच्याच वर्षी तिला गोवर झाला. त्यातून इतका अशक्तपणा आला की बराच काळ ती अंथरुणाला खिळून होती, नंतर कुबड्या घेऊन चालायची. तब्येतीची ही कटकट तिला आयुष्यभर पुरली. अभ्यास मात्र चालू राहिला.

एका पार्टीत भेटलेला माणूस

जून १८३३. अ‍ॅडा १७ वर्षांची. लंडनच्या एका पार्टीत तिची ओळख झाली चार्ल्स बॅबेजशी. बॅबेज तेव्हा चाळिशीत होता, केंब्रिजचा गणिताचा प्राध्यापक होता आणि एका यंत्राने पछाडलेला होता.

यंत्राची गरज का पडली, ते आधी समजून घ्यायला हवं. अकरावी-बारावीला लॉगटेबल वापरलेलं आठवत असेल. त्या काळात जहाजाचा कप्तान, खगोलशास्त्रज्ञ, इंजिनीअर, विमा कंपनीवाला, सगळ्यांचं काम अशाच छापील तक्त्यांवर चालायचं. हे तक्ते माणसं हाताने आकडेमोड करून बनवायची. अशी आकडेमोड करणाऱ्या माणसांनाच तेव्हा कॉम्प्युटर म्हणत. माणूस म्हटलं की चूक आली. आकडेमोडीत चूक, नकलेत चूक, छपाईत चूक. समुद्रात जहाज कुठे आहे हे तक्ता बघून ठरवायचं असेल, तर एक चुकलेला आकडा जिवावर बेतू शकतो.

बॅबेजचं म्हणणं होतं की हे काम यंत्राने करावं. दांतेरी चाकं फिरतील, बेरजा होतील, तक्ता तयार. या यंत्राचं नाव डिफरन्स इंजिन. ब्रिटिश सरकारने त्यावर १७ हजार पौंडांहून जास्त पैसा घातला, पण यंत्र पूर्ण झालं नाही आणि १८४२ मध्ये सरकारने हात झटकले.

तरी त्याचा एक छोटा चालणारा भाग बॅबेजच्या घरी होता. पार्टीनंतर काही दिवसांनी अ‍ॅडा आणि तिची आई तो बघायला गेल्या. लोक तो भाग खेळणं बघावं तसा बघायचे. अ‍ॅडाला त्यातलं गणित दिसलं. तिथून बॅबेज आणि तिची जी मैत्री जमली, ती तिच्या शेवटापर्यंत टिकली.

पत्रातून चाललेला कोर्स

१८३५ मध्ये अ‍ॅडाचं लग्न विल्यम किंग याच्याशी झालं. १८३८ मध्ये त्याला लव्हलेसचा अर्ल ही पदवी मिळाली आणि अ‍ॅडा झाली काउंटेस ऑफ लव्हलेस. १८३९ पर्यंत पदरात तीन मुलं. नोकरचाकर होते, पण घरसंसार, आजारपण आणि उच्चभ्रू समाजातला वावर यातून वेळ काढायचा म्हणजे कसरतच.

आणि शिकायचं कुठे? इंग्लंडमधल्या एकाही युनिव्हर्सिटीत तेव्हा बायकांना प्रवेश नव्हता. मग अ‍ॅडाने मार्ग काढला पत्रांचा. १८४० पासून ऑगस्टस डी मॉर्गन तिला पत्रातून गणित शिकवायला लागला. हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा गणिताचा प्राध्यापक. कॉम्प्युटर सायन्सची पोरं ज्याचे नियम पाठ करतात, तोच हा डी मॉर्गन. त्याचा जन्म भारतातला, मदुराईचा. दिल्लीच्या मास्टर रामचंद्रांचं गणितावरचं पुस्तक पुढे १८५९ मध्ये लंडनला छापलं गेलं, ते याच माणसाच्या पुढाकाराने.

अ‍ॅडाने त्याला लिहिलेली पत्रं आजही उपलब्ध आहेत. ती वाचली की एक गोष्ट लगेच दिसते. या बाईला न कळलेलं पुढे ढकलायची सवय नव्हती. पुस्तकातली एखादी पायरी कळली नाही की ती तिथेच थांबायची आणि विचारायची. ती साध्या बीजगणितातही अडकायची, चुका करायची, चूक कळली की तसं कबूल करायची. जन्मजात सगळं येतं असा काही प्रकार नव्हता. पण अमुक ओळीवरून तमुक ओळ कशी आली, हे कळल्याशिवाय तिचा जीव शांत होत नसे.

डी मॉर्गनने पुढे तिच्या आईला एक पत्र लिहिलं. त्याचा सारांश असा, की केंब्रिजला निघालेल्या एखाद्या तरुण मुलात ही कुवत दिसली असती, तर तो मोठा गणिती होईल असं भाकीत आपण केलं असतं. आणि त्याच पत्रात त्याने काळजीही व्यक्त केली, की इतका ताण बाईच्या शरीराला झेपेल का. म्हणजे कौतुक करणारा माणूससुद्धा त्या काळाच्या चौकटीतून बाहेर आलेला नव्हता.

भाषांतराचं काम आलं आणि तिप्पट वाढलं

मधल्या काळात बॅबेजच्या डोक्यात आणखी मोठं यंत्र शिरलं होतं. अ‍ॅनॅलिटिकल इंजिन. डिफरन्स इंजिन ठरावीक पद्धतीच्या बेरजा करून तक्ते बनवणार होतं. नवं यंत्र सांगाल ते गणित करणार होतं. आकडे साठवायला एक भाग, त्याचं नाव स्टोअर. आकडेमोड करायला दुसरा भाग, त्याचं नाव मिल, म्हणजे गिरणी. आणि काय करायचं ते सांगायला भोकं पाडलेली कार्डं. कार्डांची ही कल्पना आली जॅकार्डच्या मागावरून, जिथे अशाच कार्डांनी कापडावर नक्षी विणली जायची.

१८४० मध्ये बॅबेजने इटलीतल्या तुरिनला जाऊन या यंत्राची माहिती दिली. तिथे लुइजी मेनाब्रेआ नावाचा लष्करी इंजिनीअर होता, जो पुढे इटलीचा पंतप्रधान झाला. त्याने त्यावर फ्रेंचमध्ये एक लेख लिहिला आणि तो १८४२ मध्ये छापून आला. शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टोनच्या सांगण्यावरून अ‍ॅडाने त्याचं इंग्रजी भाषांतर करायला घेतलं.

भाषांतर झालं. बॅबेजने तिला विचारलं की इतका विषय कळतो तर स्वतःचा लेख का नाही लिहिला? हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग त्याने सुचवलं की निदान स्वतःची टिपणं जोड. तिने जोडली. ए पासून जी पर्यंत सात टिपणं. ती मूळ लेखाच्या अडीच-तीन पट भरली.

यातलं शेवटचं टिपण म्हणजे नोट जी. जगभर जे चर्चेत असतं, ते हेच.

नोट जी मध्ये आहे तरी काय?

लॅब रिपोर्टमध्ये पहिली अपेक्षा असते की प्रश्न काय आहे आणि तो का घेतला ते सांगा. अ‍ॅडाने प्रश्न निवडला बर्नोली संख्यांचा. या संख्या गणितात बऱ्याच ठिकाणी उगवतात. उदाहरणार्थ १ पासून पुढच्या संख्यांचे वर्ग, घन किंवा आणखी वरचे घात यांची बेरीज काढायचं सूत्र हवं असेल, तर त्यात या संख्या लागतात. तिच्या क्रमाने पहिल्या चार संख्या अशा: १/६, −१/३०, १/४२, −१/३०.

हाच प्रश्न का? कारण इथे प्रत्येक पुढची संख्या काढायला मागच्या सगळ्या संख्या लागतात. म्हणजे यंत्राला आधीचं उत्तर सांभाळून ठेवावं लागणार, ते परत वापरावं लागणार, आणि त्याच त्याच क्रिया पुन्हा पुन्हा कराव्या लागणार. साधी बेरीज-वजाबाकी दाखवली असती तर यंत्राचा कस लागला नसता.

दुसरी अपेक्षा असते पद्धतीची. उत्तर कसं काढलं ते असं लिहा, की लॅबमध्ये हजर नसलेल्या माणसालाही ते परत काढता यावं. अ‍ॅडाने त्यासाठी एक मोठा तक्ता बनवला. त्यात २५ क्रिया. प्रत्येक क्रियेसमोर तिचा नंबर, ती गुणाकार आहे की भागाकार, कुठल्या कप्प्यातले आकडे घ्यायचे, उत्तर कुठल्या कप्प्यात ठेवायचं, त्यामुळे कुठल्या कप्प्यातली किंमत बदलली, आणि त्या पायरीचं गणिती उत्तर काय. १३ ते २३ नंबरच्या क्रिया परत करायच्या, हेही तक्त्यातच लिहिलं. आज प्रोग्रामिंगमध्ये ज्याला लूप म्हणतात, तो हा प्रकार.

तिसरी अपेक्षा, कुठली खूण कशासाठी वापरली ते सांगा. कप्प्यांना तिने व्ही-१, व्ही-२ अशी नावं वापरली. एकाच कप्प्यात वेळोवेळी वेगळी किंमत येणार, मग वाचणाऱ्याचा गोंधळ होणार. म्हणून त्या कप्प्याची किंमत कितव्यांदा बदलली आहे, हे दाखवणारा छोटा आकडा नावाच्या डोक्यावर. आज शंभर ओळींच्या कोडमध्ये एकच व्हेरिएबल दहा वेळा बदलून शेवटी डोकं धरून बसलेल्या पोराला या आकड्याचं महत्त्व लगेच कळेल.

चौथी अपेक्षा सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. आपल्या कामाच्या मर्यादा सांगा. अ‍ॅडाने नोट जी ची सुरुवातच तिथून केली. या यंत्राबद्दल फुगवून बोललं जाण्याचा धोका आहे, हे तिने आधीच बजावलं. यंत्र स्वतःहून नवीन काही शोधणार नाही, आपण जे करायला सांगू शकतो तेवढंच करेल, अशी तिची मांडणी होती. आणि त्याच वेळी, सुरांमधले संबंध जर नियमांत बसवता आले तर असं यंत्र संगीतही रचू शकेल, हे तिने पहिल्याच टिपणात लिहून ठेवलं होतं. आकड्यांच्या यंत्रात आकड्यांपलीकडचं काही करता येईल हे इतक्या स्पष्ट शब्दांत छापणारी ती पहिली, असं अनेक अभ्यासक मानतात.

डेडलाइन, शाई आणि भांडण

हे सगळं शांतपणे बसून झालं असेल असं वाटत असेल, तर तसं नाही. १८४३ चा जुलै महिना नुसता पत्रांच्या पावसाचा होता. छापखान्याची घाई, बॅबेजचे निरोप आणि अ‍ॅडाची आजारपणं. बर्नोली संख्यांच्या आकडेमोडीत आपण पार अडकलो आहोत, असं ती बॅबेजला कळवते. तक्ता तिने पेन्सिलने बनवला आणि त्यावर शाई फिरवायला बसला तिचा नवरा. सबमिशनच्या आदल्या रात्री घरच्यांना कामाला लावणारी पोरं हे वाचून सुखावतील.

बॅबेजही गप्प बसणारा नव्हता. बर्नोली संख्यांचं बीजगणित त्याने स्वतः करून दिलं होतं, तेवढाच तिचा त्रास वाचावा म्हणून. अ‍ॅडाने ते जसंच्या तसं उतरवलं नाही. तपासलं. तर त्यात मोठी चूक निघाली. तिने ते दुरुस्तीसाठी परत पाठवलं. हे खुद्द बॅबेजने १८६४ च्या आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवलंय. समोरचा माणूस यंत्राचा जनक आहे, वयाने दुप्पट आहे, तरी त्याचं काम आंधळेपणाने छापायचं नाही, हा तिचा खाक्या. उलट तिच्या मजकुरात त्याने न विचारता फेरफार केले की ती चांगलीच सुनवायची.

खरं भांडण ऑगस्टमध्ये झालं. सरकारने आपल्याला कसं वागवलं याची तक्रार बॅबेजला या लेखाबरोबर छापायची होती, तीसुद्धा स्वतःचं नाव न घालता. अ‍ॅडाने नकार दिला. मग त्याने तिला सांगितलं की लेखच मागे घे. तिने तोही घेतला नाही. यंत्र काय करू शकतं हे सांगणाऱ्या लिखाणात वैयक्तिक राग मिसळला, तर लोक यंत्राचं ऐकणारच नाहीत, हे तिला कळत होतं. मैत्री पणाला लागली, पण लेख ठरल्याप्रमाणे निघाला. नंतर दोघांचं परत जमलं.

लेखावर तिचं पूर्ण नाव नव्हतं. टिपणांखाली फक्त तीन अक्षरं, ए. ए. एल. म्हणजे ऑगस्टा अ‍ॅडा लव्हलेस.

आणि ती चूक

आता येऊ त्या चुकीवर. तक्त्यातल्या चौथ्या क्रियेत एक भागाकार आहे. अ‍ॅडाने उदाहरण घेतलंय त्यात चौथी बर्नोली संख्या काढायची आहे. पहिल्या तीन क्रियांनंतर व्ही-४ या कप्प्यात ७ येतात आणि व्ही-५ मध्ये ९. सूत्राप्रमाणे पुढे हवं ७ भागिले ९. उत्तराच्या रकान्यात तेच बरोबर लिहिलंय. पण क्रियेच्या रकान्यात छापलं गेलंय व्ही-५ भागिले व्ही-४. म्हणजे ९ भागिले ७. उलटं.

एवढ्याशा उलटापालटीने काय होतं? बाकी सूत्र जसंच्या तसं ठेवून कागदावर करून बघा. बरोबर भागाकार घेतला तर उत्तर येतं −१/३०, म्हणजे साधारण −०.०३३. उलटा घेतला तर येतं १३९/६३०, म्हणजे साधारण ०.२२१. आकडा तर चुकलाच, चिन्हही बदललं.

आज काही जण ही जगातली पहिली प्रोग्रामिंगची चूक म्हणतात. पण खरी गंमत वेगळीच आहे. ही चूक सापडली कशी? यंत्र चालवून नाही, कारण यंत्र नव्हतंच. सापडली, कारण अ‍ॅडाने फक्त क्रिया लिहून सोडली नव्हती. त्या क्रियेने काय उत्तर यायला हवं हेही शेजारच्या रकान्यात लिहिलं होतं. दोन रकाने जुळेनात, म्हणून चूक उघडी पडली आणि ती दुरुस्त कशी करायची हेही तिथेच कळलं. तिने नुसतं शेवटचं उत्तर छापलं असतं, तर ते बरोबरच दिसलं असतं आणि मधली चूक कुणाला कधी कळलीच नसती.

छापलेलं जर्नल आणि लिहिलेला रिपोर्ट यातला फरक नेमका हा आहे.

शेवटची वर्षं

या लेखाने अ‍ॅडाचं आयुष्य बदललं का? नाही. ओळखीच्या शास्त्रज्ञांनी कौतुक केलं, तेवढंच. यंत्राला पैसा मिळाला नाही. बॅबेजच्या कामाची व्यवस्था आपण बघू, असा लांबलचक पत्र लिहून तिने ठेवलेला प्रस्ताव त्याने नाकारला. तिने असं दुसरं मोठं काम नंतर छापलं नाही.

पुढे तिला घोड्यांच्या शर्यतीचा नाद लागला. १८५१ मध्ये डर्बीच्या एका शर्यतीत ती ३ हजार पौंडांहून जास्त हरली. घरातले हिरे गहाण पडले आणि ते सोडवायला आईला यावं लागलं. त्याच सुमारास कॅन्सरने गाठलं. वेदना कमी व्हाव्यात म्हणून अफूचं औषध चालू होतं. २७ नोव्हेंबर १८५२ ला ती गेली. वय ३६. तिचे वडीलही ३६ व्या वर्षीच गेले होते. ज्या बापाला तिने कधी बघितलं नाही, त्याच्याच शेजारी तिला पुरलं, नॉटिंगहॅमशायरमधल्या हकनॉलच्या चर्चमध्ये. ही तिची स्वतःची इच्छा होती.

बॅबेज १८७१ मध्ये वारला. तेव्हा अ‍ॅनॅलिटिकल इंजिनाचा एक छोटा तुकडाच तयार होता.

शंभर वर्षांनी उघडलेलं जर्नल

मग कॉम्प्युटर खरंच बनले आणि लोकांना अ‍ॅडाची आठवण झाली. १९५० मध्ये अ‍ॅलन ट्युरिंगने यंत्र विचार करू शकतं का यावर निबंध लिहिला. त्यात यंत्र स्वतःहून काही शोधत नाही या अ‍ॅडाच्या मुद्द्याला त्याने तिचंच नाव देऊन उत्तर दिलं. म्हणजे तिने नमूद केलेल्या मर्यादेवर १०७ वर्षांनी वाद सुरू झाला. एआयच्या निमित्ताने तो आजही चालू आहे. १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये कॉम्प्युटरवरच्या एका पुस्तकात तिची टिपणं पुन्हा छापली गेली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या नव्या प्रोग्रामिंग भाषेला अ‍ॅडा हे नाव दिलं. त्या भाषेच्या मानकाचा नंबर ठेवला १८१५, तिच्या जन्माचं साल. ते मंजूर झालं १० डिसेंबर १९८० ला, तिच्या वाढदिवशी.

ती जगातली पहिली प्रोग्रामर होती का, यावर मात्र अभ्यासकांत वाद आहे. बॅबेजने तिच्या आधी, १८३६ ते १८४० च्या दरम्यान, याच यंत्रासाठी क्रियांचे असे क्रम लिहून ठेवले होते. पण ते त्याच्या वह्यांत राहिले. अ‍ॅडाचं लिखाण छापलं गेलं, दुसऱ्याला कळेल असं समजावून छापलं गेलं. म्हणून पहिली कोण हा वाद बाजूला ठेवला, तरी पहिल्यांदा नीट समजावून कुणी सांगितलं याचं उत्तर तिच्याकडेच जातं.

आता परत सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात या. लॅब रिपोर्ट चांगला झालाय की नाही, हे सही घ्यायच्या आधी तपासायची एक सोपी युक्ती आहे. त्या दिवशी लॅबला दांडी मारलेल्या मित्राच्या हातात तो रिपोर्ट द्या. कॉम्प्युटर देऊ नका. फक्त कागद, पेन आणि कॅल्क्युलेटर द्या. रिपोर्ट वाचून त्याला पहिल्या दोन-चार पायऱ्या करता आल्या, आणि एखाद्या पायरीवर त्याने हे चुकलंय म्हणून बोट ठेवलं, तर रिपोर्ट जमला. अ‍ॅडाचे सगळेच वाचक असे होते, लॅबला न आलेले आणि कॉम्प्युटर नसलेले.